समन्स आलं आणि कोणी गेलंच नाही: दख्खनच्या कर्जदारांची कोर्टातली गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलमध्ये मध्येच नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एकदोन गोष्टी इथे जोडल्या आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा प्रश्न साधा आहे. समजा कोणीतरी तुमच्यावर वीस-पंचवीस हजारांचा दावा लावला. जुनं भाडं असेल, मित्राकडून घेतलेले उसने पैसे असतील, एखादा हप्ता असेल. घरी कोर्टाचं समन्स आलं. आता जायलाच हवं का? आणि नाही गेलं तर काय होतं?

मी वकील नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी इतिहासात शोधतो. आणि गंमत म्हणजे ते फार लांब शोधावं लागत नाही. पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांत दीडशे वर्षांपूर्वी हजारो माणसांना कोर्टाची समन्सं आली आणि त्यातले बहुतेक गेले नाहीत. त्याचा शेवट दंग्यात झाला. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. दंग्याची गोष्ट आपल्याला सावकार विरुद्ध शेतकरी अशी सांगितली जाते, आणि ती खरीच आहे. पण आज मी ती प्रतिवादीच्या बाजूने सांगणार आहे. म्हणजे ज्याच्यावर दावा लागला आणि ज्याचं म्हणणं कोणी ऐकलंच नाही, त्याच्या बाजूने.

कोर्ट नव्हतं तेव्हा

पेशवाईत सावकाराचे पैसे बुडाले तर तो काय करायचा? पहिली गोष्ट, तगादा. म्हणजे मागे लागायचं. ऋणकोच्या दारात जाऊन बसायचं, उठायचंच नाही. कधी स्वतः उपाशी बसायचं, म्हणजे घरातल्यालाही लाजेकाजेस्तव जेवता येऊ नये. याला म्हणत धरणं धरणं. आज आपण कलेक्टर ऑफिससमोर धरणं धरतो ना, तो शब्द असा वसुलीतून आलेला आहे.

त्यानेही काम झालं नाही, तर पंचायत. दोन्ही बाजूंनी पंचांसमोर यायचं आणि आधीच लिहून द्यायचं की पंच जो निवाडा करतील तो आम्हाला मान्य. या लिहून देण्याला ‘राजीनामा’ म्हणत. राजी असल्याचा कागद! आज त्याच शब्दाचा अर्थ नोकरी सोडणं झालाय.

आता ही व्यवस्था फार न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. पंचायती रखडायच्या, पंच गावातल्या वजनदार माणसाचं ऐकायचे, खालच्या जातीच्या माणसाला तिथे किती बोलू दिलं जायचं ते सांगायला नको. पण एक गोष्ट होती. प्रतिवादी समोर असल्याशिवाय आणि त्याने मान्यता दिल्याशिवाय प्रकरण पुढे सरकायचं नाही. शिवाय सावकाराला त्याच गावात राहायचं असायचं. एखाद्याला पार बुडवलं तर पुढच्या वर्षी व्याज कोण देणार?

आणि एक जुना नियम होता, दामदुपट. एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर दिले असतील तर व्याज धरून दोनशेच्या वर मागायचे नाहीत.

कायदा आला, सोबत वेग आला

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी हळूहळू दिवाणी कोर्टं उभी केली. छोट्या रकमेच्या दाव्यांसाठी वेगळी, झटपट कोर्टं हवीत हा विचारही तेव्हाचाच. मुंबईत १८५० च्या कायद्याने स्मॉल कॉजेस कोर्ट आलं, मराठीत लघुवाद न्यायालय. धोबी तलावजवळ ते आजही आहे आणि आता तिथे मुख्यतः भाडेकरू-मालकांचे वाद चालतात. मुंबईबाहेरच्या भागासाठी तसाच कायदा १८६० मध्ये आला.

छोट्या दाव्याच्या कोर्टाची कल्पना चांगलीच आहे. लहान रकमेसाठी माणसाने वर्षानुवर्षं खेटे घालू नयेत. म्हणून कामकाज थोडक्यात आटपायचं आणि साधारणपणे अपील ठेवायचं नाही. पण हाच नियम प्रतिवादीच्या बाजूने बघा. अपील नाही, म्हणजे बोलायची संधी एकदाच. ती हुकली की संपलं.

त्यात १८५९ मध्ये दोन मोठे कायदे आले. एक दिवाणी कामकाजाचा, दुसरा मुदतीचा.

दिवाणी कामकाजाच्या कायद्यात आजही चालते तीच पद्धत होती. वादीने दावा लावायचा, कोर्टाने प्रतिवादीला समन्स काढायचं, तारीख द्यायची. तारखेला प्रतिवादी आला नाही, तर वादीचा पुरावा बघून एकतर्फी हुकूमनामा द्यायचा. हुकूमनामा म्हणजे डिक्री. मग तो घेऊन दरखास्त, दरखास्तीवरून जप्ती, जप्तीवरून लिलाव. त्या काळात कर्जापायी तुरुंगही होता.

मुदतीच्या कायद्याचा हेतू तर चक्क कर्जदाराचं भलं करण्याचा होता. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावा, नाहीतर हक्क गेला. व्याज वाढत राहू नये म्हणून ही तरतूद. पण झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणायचा, ‘नवीन खत करून दे, नाहीतर दावा लावतो.’ नव्या खतात जुनं मुद्दल अधिक साचलेलं व्याज मिळून नवीन मुद्दल लिहायचं. मग त्यावर पुन्हा व्याज.

जरा हिशेब करू. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. शंभर रुपये, महिना दोन टक्के. तीन वर्षांनी १७२. नवीन खत, मुद्दल १७२. आणखी तीन वर्षांनी २९६. पुन्हा खत. नऊ वर्षांनी सुमारे ५०९. दामदुपटीच्या नियमाने दोनशेच्या वर जाता येत नव्हतं. पण कोर्टापुढे जे खत यायचं, त्यात मुद्दल म्हणूनच २९६ लिहिलेलं असायचं. त्याच्या मागे मूळचे शंभर आहेत हे कागदावर दिसायचंच नाही. ते सांगू शकणारा माणूस एकच, प्रतिवादी. आणि तो कोर्टात नसायचा.

पुढे सरकारी आयोगाने चौकशी केली, तेव्हा शंभराच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरणही समोर आलं. म्हणजे माझं उदाहरण तसं सौम्यच म्हणायचं.

ते का गेले नाहीत?

इथे ‘अडाणी होते म्हणून’ असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा.

खत मोडीत लिहिलेलं. कुणब्याला अक्षर येत नाही. तो सही करत नाही, निशाणी करतो, नांगराची. वर काय लिहिलंय ते सावकार सांगेल तेच. पैसे परत केल्याची पावती नाही. हिशेबाची वही सावकाराकडे. मग कोर्टात जाऊन सांगणार काय? ‘मी इतके दिले होते’ म्हटलं की पहिला प्रश्न, पुरावा काय?

कोर्ट तालुक्याला किंवा त्याहून लांब. जायचं म्हणजे दोनतीन दिवसांचं काम बुडणार, वाटखर्च, वकिलाची फी, कारकुनाला काहीतरी. पन्नास रुपयांच्या दाव्यासाठी दहा-पंधरा रुपये कुठून आणायचे? बहुतेकदा त्याच सावकाराकडून!

शिवाय सावकार गावातच सांगायचा, ‘अरे, तू कशाला येतोस, दावा नुसता मुदत जाऊ नये म्हणून लावलाय. आपण घरात बसून मिटवू.’ आणि तिकडे एकतर्फी हुकूमनामा घेऊन ठेवायचा. लगेच वापरायचाही नाही. पेटीत ठेवायचा. पुढच्या वेळी कुळाने जरा मान वर केली की तो कागद बाहेर.

आणि काही वेळा तर समन्स पोचायचंच नाही. बजावणीत लबाडी होते, शिपाई गावात न येताच ‘बजावलं’ म्हणून लिहितो, अशा तक्रारी होत्या. ज्याला दावा लागल्याचंच माहीत नाही तो कोर्टात जाणार कसा?

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळे दावे खोटे नव्हते. पुष्कळ सावकारांनी खरे पैसे दिलेले होते, आणि सारा भरायला, बियाणं घ्यायला, लग्नाला पैसे देणारा गावात दुसरा कोणी नव्हता. सरकारी सारा तर रोख आणि ठरलेल्या वेळेलाच भरावा लागायचा. म्हणजे शेतकऱ्याला कर्जाकडे ढकलण्यात सरकारचाही वाटा होता. पण खरा दावा आणि फुगवलेला दावा यांतला फरक कळायला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. एकतर्फी निकालात दोन्ही एकसारखेच दिसतात.

कापूस, मंदी आणि सुपे

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार उदार झाले, मागेल त्याला कर्ज. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. उधारीचा हात आखडला. नेमकं याच सुमाराला तीस वर्षांची जुनी सारा-पद्धत संपून नवी आकारणी सुरू झाली आणि कित्येक ठिकाणी सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला. म्हणजे उत्पन्न खाली, सारा वर, आणि सावकार नवीन पैसे द्यायला तयार नाही. पण जुनी वसुली मात्र जोरात, आणि वसुलीचं हत्यार कोर्ट.

१८७४ च्या डिसेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात ठिणगी पडली. तिथल्या बाबासाहेब देशमुख नावाच्या घरंदाज माणसावर दीडशे रुपयांच्या कर्जापायी सावकाराने हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडलं. दीडशे रुपये, आणि माणसाचं घर सगळ्या गावासमोर उतरवलं! गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्याकडे कोणी माल घेईना, त्यांची कामं कोणी करेना.

मग १२ मे १८७५. सुपे. आज हे गाव बारामती तालुक्यात येतं. बाजाराचं गाव, सावकारांची पुष्कळ दुकानं. आसपासच्या गावांतून लोक जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं, काही घरं पेटवली. पण सगळ्यात आधी त्यांनी काय मागितलं? वह्या आणि खतं. ती बाहेर काढली आणि जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून जास्त गावांत पसरलं. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुतेकदा त्याला हात लावला नाही. इतका मोठा जमाव, इतका राग, पण माणसांवरची हिंसा त्या मानाने फार कमी.

या दंग्यांत मारवाडी आणि गुजर सावकार जास्त भरडले गेले, कारण ते बाहेरचे म्हणून सहज वेगळे काढता येत होते. गावातले ब्राह्मण किंवा इतर सावकार त्यातून बऱ्यापैकी सुटले. हेही लक्षात ठेवू या. राग व्यवस्थेवर असला तरी तो शेजारच्या माणसावर निघतो, आणि ‘बाहेरच्या’वर आधी निघतो.

सरकारने पलटण आणली. ९५१ जणांना धरलं, ५०१ जणांना शिक्षा झाली.

आणि कागद जाळून काय साधलं? घरातलं खत जळलं, पण ज्यावर आधीच हुकूमनामा झाला होता त्याची नोंद कोर्टात होतीच. कोर्टातला कागद सुप्याच्या चौकात जळत नाही.

कायदा प्रतिवादीकडे वळतो

मुंबई सरकारला प्रकरण मिटवून टाकायचं होतं. पण वरून भारत सरकारचा दबाव आला आणि आयोग नेमला गेला. १८५७ ची आठवण ताजी होती, शेतकरी पुन्हा बिथरायला नको होता. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी.

आता या कायद्यात काय होतं ते नीट ऐका, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. वर सांगितलेल्या अडचणी एकेक करून घेतल्यासारखा हा कायदा आहे.

प्रतिवादी बोलतच नाही? मग कोर्टानेच त्याला साक्षीदार म्हणून तपासायचं. तपासायची गरज नाही असं न्यायाधीशाला वाटलं, तर कारण लिहून ठेवायचं.

खतावर फुगवलेलं मुद्दल आहे? मग कोर्टाने खतापाशी थांबायचं नाही. व्यवहाराच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जायचं. प्रतिवादीने रक्कम कबूल केली असली तरीही. फसवणूक, चूक, दडपण असं काही आहे का ते शोधायचं आणि नव्याने हिशेब मांडायचा. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, आणि साचलेलं व्याज मुद्दलात धरायचं नाही.

पावती नाही? सावकाराने पावती द्यायचीच. मागितल्यास वर्षाचा हिशेब द्यायचा, पासबुक द्यायचं.

खत वाचता येत नाही? गावासाठी रजिस्ट्रार नेमायचा आणि कर्जाचे कागद त्याच्या देखरेखीखाली लिहायचे.

वकील परवडत नाही? शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात दोन्ही बाजूंना वकीलच नाही. त्यापुढच्या दाव्यात सावकाराने वकील दिला आणि शेतकरी गरीब असेल, तर कोर्ट त्याच्यासाठी वकील नेमू शकेल.

कोर्ट लांब आहे? दहा रुपयांपर्यंतचे दावे गावच्या मुनसफाकडे. आणि दावा लावण्याआधी समेट करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊन तडजोडीचा प्रयत्न करायचा.

पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंग नाही. खास गहाण दिलेली नसेल तर जमीन जप्त नाही. आणि कोर्टाला हप्ते बांधून देता येतात.

या कायद्याच्या अंमलबजावणीत एक नाव ठळक आहे, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. १८८४ मध्ये ते पुण्याच्या लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १८८७ मध्ये याच कायद्याखालचे विशेष न्यायाधीश. या कामासाठी ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरायचे, खालच्या कोर्टांचं काम तपासायचे. रमाबाई रानडे त्यांच्यासोबत असायच्या आणि या फिरतीच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या आहेत. आपण रानड्यांना समाजसुधारक, अर्थतज्ज्ञ म्हणून ओळखतो. पण कुठल्यातरी तालुक्याच्या गावी जुन्या निकालांची बाडं तपासत बसलेले रानडे मला जास्त जवळचे वाटतात.

त्याच काळात, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. कोर्टकचेऱ्यांत, कारकुनांच्या आणि वकिलांच्या हातून शेतकरी कसा नागवला जातो, हे त्यात सविस्तर आहे. म्हणजे कायदा होऊन चार वर्षं झाली तरी परिस्थिती काही पालटली नव्हती.

आणि पळवाटा निघाल्याच. खतावर कोर्ट प्रश्न विचारतं म्हटल्यावर सावकारांनी खतच सोडलं. कर्ज द्यायचं, पण कागद करायचा खरेदीखताचा. ‘जमीन विकली’ असंच लिहून घ्यायचं. पैसे फेडलेस तर परत देईन हे नुसतं तोंडी. पुढे कायद्यात बदल करून कोर्टाला या खरेदीमागचा खरा व्यवहार तपासायची मुभा द्यावी लागली. पण तोवर पुष्कळ जमिनी गेल्या होत्या.

आता तुमच्याकडे काय उरलंय?

तो कायदा आज नाही. ‘प्रतिवादी आला नाही तरी कोर्टाने त्याच्या वतीने पहिल्या दिवसापासून हिशेब उकलावा’ असं सर्वसाधारण कर्जदाराला आज कोणी देत नाही. एकतर्फी निकालाची पद्धत मात्र आहे तशी आहे. १८७९ च्या कायद्याने जे काम कोर्टावर टाकलं होतं, ते आज तुम्हाला स्वतः करावं लागतं. म्हणून त्या कायद्याची कलमं मी आजच्या माणसासाठी एक यादी म्हणून वाचतो. हा कायदेशीर सल्ला नव्हे. पण समन्स हातात आल्यावर काय बघायचं, एवढं तरी प्रत्येकाला माहीत हवं.

एक. समन्स टाळू नका. ‘घेतलंच नाही तर काय करतील’ हा समज चुकीचा आहे. नाकारलं तरी ते बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं. दारावर चिकटवता येतं, कोर्टाच्या हुकमाने पेपरात छापता येतं. फोनवर आलेला कागद खरा की धमकावण्यासाठी बनवलेला, अशी शंका असेल तर त्यावरचा केस नंबर किंवा सीएनआर नंबर ई-कोर्ट्स ॲपवर टाकून बघा, किंवा थेट कोर्टात चौकशी करा.

दोन. मुदत मोजा. साध्या दिवाणी दाव्यात लेखी म्हणणं, ज्याला कोर्टात कैफियत म्हणतात, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायचं असतं. कोर्ट कारण नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. पण धनादेश किंवा लेखी करारावर ‘समरी सूट’ लावला असेल, तर हजर राहायला फक्त १० दिवस मिळतात, आणि पुढे बचाव करण्यासाठी कोर्टाची परवानगी वेगळी मागावी लागते. समन्सवर दाव्याचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी वाचा.

तीन. प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या. दाव्यात लिहिलेली गोष्ट तुम्ही स्पष्टपणे नाकारली नाही, तर ती कबूल धरली जाऊ शकते. ‘दावा खोटा आहे’ एवढं मोघम पुरत नाही. ‘मला ६० मिळाले, १०० नाही. त्यातले ४० अमुक तारखेला परत दिले,’ असं लागतं. सोबत कागद जोडायचे. तुमच्या फोनमध्ये यूपीआयची नोंद आहे, बँकेचं स्टेटमेंट आहे, मेसेज आहेत. नांगराची निशाणी करणाऱ्या माणसाकडे जे नव्हतं ते तुमच्याकडे आहे. ते डिलीट करू नका.

चार. मूळ हिशेब मागा. किती दिले, कधी दिले, व्याज किती, दंड किती, कशाच्या आधारावर? महाराष्ट्रात सावकारी करणाऱ्याकडे परवाना लागतो. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे, कर्ज देताना वैध परवाना नव्हता तर कोर्ट त्या सावकाराला हुकूमनामा देऊ शकत नाही. पण हे कोर्टाला सांगणार कोण? तुम्हीच.

पाच. मुदत उलटली आहे का ते बघा. पैशाच्या दाव्यासाठी आजही साधारण तीन वर्षांचीच मुदत आहे, म्हणजे १८५९ सारखीच. आणि जुनी युक्तीही तशीच शिल्लक आहे. मुदत संपायच्या आत तुम्ही ‘होय, इतकं देणं आहे’ असं लिहून सही दिलीत, किंवा आपल्या हाताने लिहून थोडे पैसे भरलेत, तर तिथून मुदत नव्याने सुरू होऊ शकते. म्हणून ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे, इथे सही करा’ असं कोणी म्हणालं, तर आधी वाचा आणि मग ठरवा.

सहा. तारीख हुकलीच, तर गप्प बसू नका. दावा चालू असेल तर पुढच्या तारखेला जाऊन सबळ कारण सांगता येतं. एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करता येतो. समन्स रीतसर बजावलंच नव्हतं, तर हुकूमनाम्याची माहिती झाली तिथपासून ३० दिवस. मात्र १८८७ च्या प्रांतिक लघुवाद कायद्याखालचा निकाल असेल, तर अर्जासोबत हुकूमनाम्याची रक्कम भरावी लागते किंवा तारण द्यावं लागतं. म्हणजे वेळेवर जाणं जवळजवळ फुकट असतं, आणि उशिरा जायला पैसे लागतात.

सात. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या पातळीवर त्याची समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना मोफत वकील मिळू शकतो. आणि दिवाणी कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडायचा हक्क तर प्रत्येकाला आहेच. लोकअदालतीत तडजोडही करता येते. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. सही करण्याआधी हप्ता खरंच झेपेल का ते बघा.

आणि समजा देणं खरंच आहे. तरीही जा. पैसे देणं आहे म्हणजे मागतील तेवढे देणं आहे असं होत नाही. हप्ते मागता येतात, फुगवलेलं व्याज दाखवता येतं. हरलात तरी सगळं काही जप्त होत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल यांना कायद्याने संरक्षण आहे.

कर्डे आणि सुप्याच्या लोकांसमोर कोर्टाचा रस्ता कागदावर उघडा होता, पण त्यांना तो चालता येण्यासारखा नव्हता. अंतर, भाषा, पैसा, भीती या सगळ्यांनी तो अडवलेला होता. सरकारला हे कळायला दंगा व्हावा लागला, ५०१ माणसांना शिक्षा व्हावी लागली, आणि मग कुठे ‘प्रतिवादीलाही विचारा’ असं कलम आलं. आपल्यासमोरचा रस्ता अगदी मोकळा आहे असं नाही. रजा टाकावी लागते, ताटकळावं लागतं, तारखेवर तारीख पडते. पण तो त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरा आहे, आणि तिथे जाऊन ‘माझं म्हणणं असं आहे’ एवढं नोंदवलं, तरी दावा एकतर्फी राहत नाही.

तुमच्या घरी जुनी खतं असतील, आजोबा-पणजोबांच्या काळातले कर्जरोखे, खरेदीखतं, मोडीतले कागद, तर ते फेकू नका. कोणा जाणकाराकडून वाचून घ्या. आपल्या जमिनीची गोष्ट कधीकधी अशाच एखाद्या एकतर्फी हुकूमनाम्यापाशी येऊन थांबलेली सापडते.

हा भाग आवडला तर ज्याच्या घरी नुकतंच समन्स आलंय, अशा एखाद्या मित्राला पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि सही करण्याआधी वाचा.